ग्रहणात चालवलेला शब्द

२१ जानेवारी, सोमवार

"फसवलं! सांतियागोवाल्यांनी परत फसवलं!"

काल मध्यरात्री चौकाच्या मधोमध उभा राहून एलिएसेर ओरडत होता. डोळ्यांवर पुठ्ठ्याचा चष्मा, तोंड आभाळाकडे, हात आंधळी कोशिंबीर खेळावी तसे पुढे. त्याच्यामागे सगळं पेरालेस, तशाच अवतारात. चंद्रग्रहण बघायला जमलेलं गाव — आणि चंद्र कोणालाच दिसेना! निम्मे एकमेकांवर आदळले. बेकरीवाला ओस्वाल्दो पाटात पडला.

चष्म्याचा काही दोष नव्हता. तो जुलैतल्या सूर्यग्रहणासाठी आहे. एलिएसेर दुकानदार, शिवाय रहिवासी मंडळाचा अध्यक्ष. त्याने हौसेने आत्ताच राजधानीतून, सांतियागोहून, खोकं मागवलं आणि ग्रहण ते ग्रहण म्हणून कालच फोडलं. मी म्हटलं, "अरे बाबा, चंद्राला चष्मा लागत नाही. पौर्णिमेला बघतोस तसा उघड्या डोळ्यांनी बघ, काही होत नाही. हा सूर्याचा चष्मा. यातून सूर्याखेरीज काही दिसता कामा नये. दिसलं तर तो खोटा."

"दोन हिंदू," तो म्हणाला, "ज्यातनं चंद्र दिसत नाही त्यातनं सूर्य काय डोंबल दिसणार?"

टाळ्या! न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. पेरालेसमध्ये बहुमत.

(हे 'दोन' मला अजून बोचतं. इकडचं ते 'राव' आहे, ठाऊक आहे. आणि भारतातून आलेला कोणीही यांच्या लेखी हिंदू. पण बायको, नोल्फा, गेल्यापासून घरात मी एकटा, आणि अख्खं गाव मला 'दोन' म्हणून हाक मारतं! एकवचनी माणसाला द्विवचन. वाईच्या पाठशाळेतले आमचे गुरुजी छडी घेऊन धावले असते.)

झुनिल्डाने मात्र चष्मा लावला नाही, मी सांगितलं म्हणून. नोल्फाची ही धाकटी बहीण मी सांगेन ते सगळं ऐकते, हीच पंचाईत. मागे एकदा थट्टेत सांगितलं होतं की आमच्याकडे कोणी शिंकलं की 'तथास्तु' म्हणतात. आजतागायत म्हणते. चर्चमध्येसुद्धा! पाद्री शिंकला की पहिल्या बाकावरून ठसक्यात — तथास्तु.

लहानपणी काटा गेला तेव्हापासून तिचा डावा डोळा विझलेला आहे. उरलेल्या एकाने तिने तांबडा चंद्र मनसोक्त पाहिला. मग हळूच विचारलं, "भावोजी, तुमच्याकडे ग्रहणात काय करतात?"

"स्पर्शापासून मोक्षापर्यंत मंत्र म्हणत बसतात. मंत्र चालू आहे तोवर बाधा नाही."

"चष्मा?"

"आमच्या ऋषींना पुठ्ठा कुठला मिळायला!"

तिने मान हलवली. गंभीरपणे.


२७ जानेवारी, रविवार

एलिएसेरने 'फसवे' चष्मे खोक्यासकट चीजच्या मांडणीच्या लंगड्या पायाखाली सारले. मांडणी आता डुलत नाही. एवढा तरी उपयोग.


१९ फेब्रुवारी, मंगळवार

पौर्णिमा. दुकानाच्या दारात ही गर्दी! एलिएसेरने बंदरावरच्या बाजारातून नवे चष्मे आणलेत. तपकिरी प्लास्टिक, काड्या सोनेरी. एकेकाला लावून चंद्र दाखवतो. "दिसला? नाण्यासारखा लखलखीत दिसला की नाही? मग! सूर्य तर केवढा दिसेल!"

मी लावून पाहिला. चंद्र दिसला. साखरेच्या पोत्यावरची अक्षरं दिसली. एलिएसेरच्या मिशीतला चिजाचा कणही दिसला.

"एवढं सगळं दिसतंय," मी म्हटलं, "म्हणजे एवढं सगळं आत शिरतंय. सूर्याच्या वेळीही शिरेल. वर काचेमुळे डोळे मिटावेसे वाटणार नाहीत, बघतच राहतील लोक. हा चष्मा नसण्यापेक्षा वाईट."

"दोन हिंदू, तुम्ही पेपरवाले. चांगली बातमी तुमच्या गळी उतरत नाही."

लोक हसले. मीही हसलो, शिष्टाचार म्हणून. समोरच्या डोंगरावर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी बसवल्यात आणि खाली हा न्यायनिवाडा! त्या दुर्बिणींवर महिनाभर लिहायला म्हणून मी इथे आलो होतो. नोल्फा भेटली, राहिलो. दुर्बिणींना अब्जावधी कोसांवरचं दिसतं. पायथ्याचं गाव दिसत नाही.


३ मार्च

झुनिल्डाकडे चहा-पाव. ऑक्टोबरच्या जत्रेसाठी आंदाकोयोच्या नाचणाऱ्या मंडळाचे सगळे पोशाख या वेळी भरतकामाला तिच्याकडे आलेत. पाठीवर सूर्य, छातीवर गुलाब, सगळं टिकल्यांचं आणि आरशांचं. खोली झगमगतेय. कोनाड्यात चिनिता, म्हणजे त्यांची आंदाकोयोची माता, हातभर उंचीची. झुनिल्डा तिच्याशी कामाबद्दल बोलत असते. "हा मणी बघ, कसा बसलाय. तूच सांग."

मी म्हटलं, "तिला तरी दोन डोळे आहेत."

"म्हणून तर विचारते."


१४ मे, मंगळवार

आमच्या दैनिकासाठी डोळ्यांवर लेख लिहिला होता. मनापासून, आठवडाभर खपून. एक्स-रेच्या फिल्ममधून बघू नका. काजळी धरलेल्या काचेतून नको, गॉगल नको, वेल्डिंगची कुठलीही हाताला लागेल ती काच नको. पुठ्ठ्याचा चष्मा लावून दुर्बिणीतून तर मुळीच नको. संपूर्ण ग्रहणाची ती दोनेक मिनिटं सोडली तर क्षणभरही उघडे डोळे नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं — डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं ठाऊकच नाही. तो जळतो तेव्हा कळत नाही. कळतं दुसऱ्या दिवशी.

संपादकाने दोन ओळी छापल्या. हॉटेलांच्या दरांखाली.

फोन केला. "उत्तम लिहिलंय," म्हणाला, "पण लोकांना घाबरवायचं नाही असं वरून आहे. पर्यटन, समजून घ्या. काही रंजक द्या ना — तुमच्याकडचं. राहू, केतू, ते मुंडकं वगैरे!"

दिलं. पान भरून छापलं. मुंडक्याच्या चित्रासकट.


९ जून, रविवार

आज 'शांती' आली होती. खरं नाव हिमेना, सांतियागोला बँकेत होती. पाच-सहा वर्षांपूर्वी दरीत येऊन तिने घुमटाच्या खोल्या बांधल्या आणि तिथे ऊर्जा भाड्याने देते. मला 'गुरुजी' म्हणते. मी कधी तिच्या खोलीत नाही गेलो की ऊर्जेत नाही, तरी.

"गुरुजी, नव्या सूर्याचं स्वागत व्हायला हवं. अंधार संपून पहिला किरण येईल ना, त्या क्षणी तुम्ही चौकात मंत्र म्हणा. नेत्रांसाठी. संस्कृतातला, प्राचीन."

"तुम्ही लोकांना नीट चष्मे वाटा. तो प्राचीन नसला तरी चालतो."

"चष्मा शरीराला, गुरुजी. मंत्र आत्म्याला."

"आत्म्याला डोळ्यांचे डॉक्टर लागत नाहीत, बाई. शरीराला लागतात."

खळखळून हसली! माझ्या बोलण्याला इथे दोनच गती आहेत. एक, विनोद समजून हसतात. दोन, उपनिषद समजून वहीत लिहून घेतात.

नाही म्हणून पाठवलं.


२३ जून, रविवार

रहिवासी मंडळाची सभा, एलिएसेरच्याच दुकानात. मी मांडणीखालचं खोकं ओढून काढलं. मांडणी कलंडली, चीज घरंगळलं, निम्मी सभा चीज पकडण्यात गेली. मग मी खोक्यातला पुठ्ठ्याचा चष्मा डोळ्यांवर धरून दिव्याकडे बघितलं. "काही दिसत नाही. हेच याचं शील आहे." मग तपकिरी लावला. "दिव्यातली तारसुद्धा दिसते. हेच याचं पाप."

ओस्वाल्दो म्हणाला, "तो पुठ्ठा लावून मी पाटात पडलो. सूर्याला बघताना कशात पडू?"

"सूर्याला बघताना एका जागी उभं राहायचं असतं."

"पाटाच्या वेळी मी उभाच होतो!"

खो खो हसले. एलिएसेर मात्र हसला नाही, दुखावला. "मी माझ्या गावाला आंधळं करीन असं वाटतं तुम्हाला? माझी आई, माझी बायको हेच लावणार आहेत."

मूर्ख माणूस प्रामाणिक असला की काही इलाज चालत नाही. लबाडाला निदान धाक घालता येतो.

पुठ्ठ्याचे चष्मे चौघा-पाचांनी घेतले, तेही माझ्या भिडेखातर. एक मी झुनिल्डाच्या एप्रनच्या खिशात स्वतः घातला. "तुझा एकच आहे. हाच लावायचा. सोनेरी काड्यांचा नाही. कळलं?"

"कळलं, भावोजी."

"काय कळलं?"

"तुम्हाला काळजी वाटते ते."


३० जून, रविवार

हिमेना पुन्हा आली. बरोबर मेयरसाहेबांचा माणूस. पाहुणे येणार, टीव्ही येणार, कार्यक्रमपत्रिकेत 'हिंदू नेत्रमंत्र' आधीच छापलाय! मला न विचारता!

सहा महिने ओरडून सांगतोय, एक जण ऐकत नाही. मंत्र मात्र हवा. ठीक आहे. घ्या.

ठरवलं. डोळ्यांचा मंत्र हवा ना — डोळाच देतो. 'अक्षि' शब्द चालवणार! आठही विभक्त्या, तिन्ही वचनं. वाईला छडीच्या धाकाने पाठ केलेला, नपुंसकलिंगी, जरा आडमुठा शब्द. अक्षि अक्षिणी अक्षीणि. अक्ष्णा अक्षिभ्याम् अक्षिभिः. ऐकायला काय भारदस्त! अर्थाने — डोळा, दोन डोळे, डोळे. डोळ्याने, दोन डोळ्यांनी, डोळ्यांनी. बस. टीव्हीवर जाऊ दे.

कित्येक दिवसांनी एकटाच हसलो.


२ जुलै, मंगळवार

झालं.

लिहायचं म्हटलं तर हात अजून थंड आहेत. दुपारपासून आभाळ स्वच्छ. चौकात मुंगीला जागा नाही. एम्पानाडांचे धूर, कुत्री, लोकरीच्या टोप्या आणि जिकडे तिकडे सोनेरी काड्या. सूर्य खाली डोंगराकडे कलला आणि डाव्या अंगाने कुरतडला जायला लागला. मी सारखा ओरडत होतो — फार वेळ बघू नका, त्यातून बघू नका! एका बाईने माझ्या हातावर एम्पानाडा ठेवला. "खा म्हणजे बरं वाटेल."

झुनिल्डा कट्ट्याच्या पुढे, पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर. पुठ्ठ्याचा चष्मा लावलेला होता की नव्हता ते — नाही, होता. मी पाहिला होता. सुरुवातीला तरी.

मग उजेड जस्ताच्या पत्र्यासारखा झाला. कोंबडे गप्प. आणि एकदम — काय लिहू! आभाळात भोक पडलं. भोवती पांढरी जटा. एलिएसेर गुडघ्यांवर बसून रडत होता. मीही. या वेळी मात्र चष्मे काढायलाच हवे होते, काढले. नोल्फा असती तर तिने माझा हात इतका दाबला असता की हाड मोडलं असतं.

मग कडेला तो हिरा चमकला. मी ओरडलो, "चष्मे! चष्मे लावा!" पण गाव टाळ्या वाजवत होतं, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "आता, गुरुजी, आता!" म्हणत हिमेनाने माइक तोंडाशी धरला. मी माझा पुठ्ठ्याचा चष्मा चढवला, सूर्याकडे तोंड केलं आणि सुरू केलं. अक्षि अक्षिणी अक्षीणि.

सावकाश म्हटलं. घनपाठ्यासारखे हेल काढले. संबोधन संपलं तरी लोक चिडीचूप, म्हणून मजा वाटून पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं. तो चष्मा लावला की सूर्याखेरीज काही दिसत नाही. त्यामुळे माझे श्रोते काय तोंडं करून ऐकत होते ते काही कळलं नाही.

शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. पहिल्या रांगेतून एकच 'तथास्तु'.


३ जुलै, बुधवार

सकाळी पाव घेऊन झुनिल्डाकडे गेलो. सुईत दोरा ओवत बसली होती. ओवता येत नव्हता.

"सुई दिसते, भावोजी. भोक दिसत नाही."

"चाळिशी आली असेल." (म्हणालो मी! गाढवासारखा.)

"तुमचेही कान दिसतात. नाक नाही. मधेच कोणी बोट ठेवल्यासारखं."

पाव हातातून पडला.

"काल काय लावलं होतंस?"

"चष्म्यानं काही झालेलं नाही, भावोजी."

शिवणयंत्रावर, कोनाड्याच्या खाली, सोनेरी काड्यांचा चष्मा पडलेला होता. एलिएसेरचा! मी उचलून तिच्या तोंडासमोर धरला. "हा काय? आणि मी दिला होता तो?"

"आहे की. नव्यासारखा आहे."

नव्यासारखा! असणारच! वापरला तर जुना होईल ना!


४ जुलै, गुरुवार

ला सेरेना. डोळ्यांची डॉक्टर तरुण, थकलेली. म्हणाली, कालपासून रांग संपत नाही, पण बहुतेकांचं नुसतं चुरचुरणं, दोन दिवसांत जाईल. झुनिल्डाचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. नारिंगी गोल, आणि बरोब्बर मध्यावर एक ठिपका. टाचणीने टोचल्यासारखा.

"सूर्याचा डाग आहे. याला औषध नाही. काही महिन्यांत थोडं भरून येईल. किंवा नाही येणार. कशातून पाहिलंत?"

झुनिल्डा म्हणाली, "देवाच्या दयेनं सगळं पाहिलं."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तपकिरी प्लास्टिक खिशातून काढून टेबलावर आपटलं. तिने ते उजेडाकडे धरलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. 

परतताना बसमध्ये झुनिल्डा खिडकीबाहेर बघत होती. द्राक्षांचे मळे, छाटणीचे दिवस. म्हणाली, "कडेकडेचं छान दिसतंय."


६ जुलै, शनिवार

दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. बरंच झालं.

"एलिएसेर, तू तिला चष्मा विकलास."

"कोणाला?"

"झुनिल्डाला! एकच डोळा होता तिचा, तोही खाल्लास. चंद्र दिसला ना त्यातनं? नाण्यासारखा? आता तिला सुईचं भोक दिसत नाही. आता दाखव तिला चंद्र!"

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "दोन हिंदू, देवाशपथ, तिला मी विकला नाही. चिनितासाठी मागितला तिनं. मूर्तीला घालायला. पैसेसुद्धा घेतले नाहीत. विचारा तिला."

"मूर्तीला चष्मा! वा! उद्या म्हणशील मातेला मोतीबिंदू झालाय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. एलिएसेर काउंटरला धरून उभा राहिला. त्याचेही डोळे लाल होते. चष्म्याने की कशाने, मी विचारलं नाही.

थट्टेने मी माणूस कापू शकतो. आज कळलं किती खोल.


८ जुलै, सोमवार

चष्म्यांवरचा माझा लेख आला. पहिलं पान, पूर्ण. सावधगिरीला दोन ओळी मिळाल्या होत्या, दोषाला सबंध पान! संपादक खूश. "तळमळ उतरलीय," म्हणाला. दुकानदाराचं नाव घातलेलं नाही. पण पेरालेसमध्ये दुकान एकच आहे.


११ जुलै, गुरुवार

दुकानाच्या शटरवर रातोरात रंगाने कोणीतरी लिहिलं — आंधळे करणारा. लाल रंगात. खाली बाण काढून एक डोळा.

ओस्वाल्दो पुढे आहे सगळ्यात. सांगतो की त्यालाही धूसर दिसतं. पाटात पडतो तो हल्ली पिऊन पडतो, ग्रहणाचा काही संबंध नाही. पण आता ज्याला त्याला काहीतरी दिसेनासं झालंय, आणि सगळं एलिएसेरमुळे. टाळ्या वाजवणारे तेच, थुंकणारे तेच. बहुमत!

मला वाईट वाटायला हवं. नाही वाटत. शिवणयंत्र आठवलं की नाही वाटत.


१४ जुलै, रविवार

एलिएसेर बायकोला घेऊन ओवायेला बहिणीकडे गेला. आई इथेच. शटर बंद. साखर आणायला आता पलीकडच्या गावात जावं लागतं, आणि त्याचीही तक्रार लोक एलिएसेरच्याच नावाने करतात.

दुपारी झुनिल्डाकडे नाचणाऱ्या मंडळाचा म्होरक्या आला. टोपी हातात घेऊन दारात उभा. "झुनिल्डाताई, तुम्ही आराम करा. उरलेले पोशाख मी ओवायेच्या बाईंकडे देतो. या वर्षापुरते." तिने घड्या घालून दिले. एकच ठेवून घेतला, अर्धा भरलेला. तो गेल्यावर ती बोटांनी मणी चाचपून बसवत होती. सूर्याचे किरण वाकडे येत होते. उसवत होती, पुन्हा बसवत होती.

"एलिएसेरला का घालवलंत, भावोजी?" वर न बघता म्हणाली.

"मी नाही घालवलं. गावानं घालवलं."

"गाव तुमचा पेपर वाचतं."

"तुला अजून त्याची दया येते? त्याच्या चष्म्यानं —"

"सांगितलं ना, चष्म्यानं काही झालेलं नाही."

किती चांगलं असावं माणसाने, याला काही मर्यादा!


१६ जुलै, मंगळवार

चंद्रग्रहण. डोंगरामागून चंद्र वर आला तोच खाल्लेला. झुनिल्डाच्या ओसरीत बसलो होतो. "याला चष्मा नाही ना लागत?" तिने विचारलं. नाही म्हटलं. तिने वर पाहिलं. "मला तर मधला सगळाच गिळलेला दिसतोय." मग म्हणाली, "भावोजी, तो परवाचा मंत्र म्हणा ना."

"कशाला?"

"छान वाटतं. तुम्ही म्हणत होतात तोवर जरासुद्धा भीती नव्हती. तुमचा पुठ्ठा काढून खिशात ठेवला मी, मंत्र चालू असताना तो कशाला? आणि तपकिरी तर चिनिताच्याच डोळ्यांवर होता, तिला कुठे मंत्र ऐकू येत होता! — सबंध बघितलं मी, भावोजी. तुम्ही दोनदा म्हटलात ना, दोन्ही वेळा. म्हणा ना."

अक्षि, म्हटलं मी.

द्विवचन तोंडातून निघेना.